देणाऱ्यांसाठी लिहिलेले गाव

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या स्मरणिका आणि तिकडच्या मदतीवर चालणाऱ्या इकडच्या संस्थांचे वार्षिक अहवाल मी गेली काही वर्षे जमवतो आहे. कुणी नाणी जमवते, कुणी जुनी पंचांगे. मला या गुळगुळीत कागदाच्या पुस्तकांचा नाद लागला. वाङ्मय म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. पाहायला हवे. बीड जिल्ह्याविषयी जिल्ह्याबाहेर जे वाचले जाते त्यातले पुष्कळसे याच गद्यातून जाते, कथा-कादंबऱ्यांतून फार थोडे.

या पुस्तकांत गाव दोन वेळा येते. पहिल्यांदा येते ते संस्कृतीच्या पानांवर. तिथे अंबाजोगाई असते ती मुकुंदराजांच्या समाधीची, योगेश्वरीच्या देवळाची, चाळीस फूट लांब कापडावर ओव्या लिहिणाऱ्या दासोपंतांची. आजी जात्यावर बसलेली असते, ओवी गात असते, आणि तिच्या हातच्या भाकरीची चव सातासमुद्रापार आठवत असते. दहा-बारा पाने उलटली की तेच गाव दुसऱ्यांदा येते, मदतीच्या पानावर. आता तिथे टँकर आहे, भेगा पडलेली जमीन आहे, ऊसतोडीला गेलेले आईबाप आहेत आणि मागे राहिलेली आजी आहे. पहिल्या पानावर गाणारी आजी दुसऱ्या पानावर बोलतसुद्धा नाही. दोन्ही पाने एकाच संपादकाने लावलेली असतात, पुष्कळदा एकाच बाईने. पण या दोन आज्यांची एकमेकींशी ओळख करून द्यावी असे कुणाला वाटलेले दिसत नाही.

ही दोन पाने का पडतात, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

परमुलखात गेलेल्या माणसांच्या संस्था जगभर ही दोन्ही कामे एकत्र करतात. नायजेरियाच्या एडो राज्यात एकपोमा, उरोमी, इरुआ या गावांच्या परिसरात एसान नावाचे लोक राहतात. त्यांच्या परदेशी गेलेल्या बायका मंडळे काढतात. मुलांना भाषा, नाच, पेहराव शिकवायचा आणि गावाकडच्या विधवांना, निराधारांना, शाळकरी पोरांना मदत पाठवायची, असा तो दुहेरी संसार असतो. आपल्याकडेही वेगळे नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र बांधणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. त्याआधी, १९७८ साली, अमेरिकेतल्या मराठी माणसांनी महाराष्ट्र फाउंडेशन काढले, आणि पुढे त्याच्या नावाने इकडे साहित्याचे आणि समाजकार्याचे असे दोन्ही पुरस्कार सुरू झाले. एका हाताने कवीला, दुसऱ्या हाताने कार्यकर्त्याला. कल्पना चांगली आहे, आणि तिने मराठीत पुष्कळ चांगले घडवून आणले आहे. मंडळांच्या आतले रोजचे काम मात्र, म्हणजे मराठी शाळा चालवणे, गणपतीचा स्वयंपाक उरकणे, वर्गणीचा हिशेब ठेवणे आणि गावाकडच्या संस्थेच्या पत्राला उत्तर लिहिणे, हे बहुतेक ठिकाणी बायकाच ओढतात. अध्यक्षांच्या फोटोंवरून ते कळत नाही.

अडचण पैशाच्या बाजूने येत नाही. येते ती लिहिण्याच्या बाजूने. संस्कृतीला अभिमान वाटेल असे गाव लागते. मदतीला कीव येईल असे गाव लागते. एकाच वाचकाकडून एकाच संध्याकाळी दोन्ही मागायची असतील तर लिहिणारी काय करणार? ती पाने वेगळी करते.

मराठीत हा पेच पहिल्यांदा ज्या बाईपुढे आला तिने पाने वेगळी केली नाहीत. पुस्तकेच दोन लिहिली. पंडिता रमाबाईंविषयी आपल्याकडे लिहिले गेले आहे ते बहुतेक धर्मांतराच्या अंगाने किंवा सुधारणेच्या अंगाने. मदत मागणारी लेखिका म्हणून त्यांच्याकडे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते. त्यांचे पहिले पुस्तक 'स्त्रीधर्मनीति' १८८२ चे. त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांचा त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला उपयोग झाला. म्हणजे परदेशी जाण्याचे भाडे मराठी वाचकांनी भरले, आणि परत येऊन शाळा काढण्याचे भांडवल अमेरिकेतल्या वाचकांनी. हा हिशेब ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला पोचल्या त्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी. ११ मार्चला आनंदीबाई डॉक्टर झाल्या. पुढच्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या, आणि त्याच वर्षी, १८८७ मध्ये, फिलाडेल्फियात रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक निघाले: 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'. आनंदीबाई ज्या वैद्यक महाविद्यालयात शिकल्या त्याच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली. पुस्तक रमाबाईंनी आपल्या आईला, लक्ष्मीबाई डोंगऱ्यांना, अर्पण केले.

या पुस्तकाची बांधणी नीट पाहिली पाहिजे. बालपण, लग्नानंतरचे आयुष्य, धर्मात आणि समाजात बाईची जागा, वैधव्य, बाईच्या स्थितीचा समाजावर होणारा परिणाम, आणि शेवटचे प्रकरण 'आवाहन'. पैशाचा विषय अगदी शेवटी. तोवर वाचकाला मनुस्मृतीतून जावे लागते, बालविवाहातून जावे लागते, रुखमाबाईंच्या खटल्यातून जावे लागते. आजचा कोणताही निधी गोळा करणारा माणूस म्हणेल की हे उलटे झाले. पहिल्या पानावर रडणारे मूल हवे आणि त्याखाली बँक खात्याचा क्रमांक. रमाबाईंनी आधी कारण सांगितले, मग हात पुढे केला. त्यांना मागायचे होते तेही दयेचे काही नव्हते. विधवांना शिकता येईल, शिकून शिक्षिका होता येईल, स्वतःच्या पायावर उभे राहता येईल अशी जागा त्यांना हवी होती. शास्त्र येणाऱ्या बाईने शास्त्राचीच साक्ष काढून शास्त्रावर फिर्याद लावावी, हा प्रकार अमेरिकन वाचकाने त्याआधी पाहिलेला नव्हता. पुस्तक खपले. १३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे खर्च उचलायचे कबूल केले, गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली आणि बायकांनी वर्षाला एकेक डॉलर द्यायची वचने लिहून दिली.

पुस्तकात उणीवही आहे. नावातच 'उच्चवर्णीय' असे विशेषण आहे, आणि ते प्रामाणिकपणे घातलेले आहे. ज्या जातींत पाट लागत होता, बाई शेतात राबत होती, तिथले वैधव्य निराळे होते. मारवाड्या-ब्राह्मणांच्या घरातल्या केशवपन केलेल्या मुलीचे दुःख हेच सगळ्या हिंदुस्थानातल्या बाईचे दुःख, असे रमाबाईंनी म्हटले नव्हते. देणाऱ्यांनी मात्र विशेषण गाळून वाचले. वर्गणीच्या सभांतून बोलली गेली ती फक्त 'हिंदू विधवा'. मागणारी कितीही नेमके लिहो, देणारा ते घाऊक करून घेतो, आणि मागणारी त्याला हरकत घेऊ शकत नाही, कारण डॉलर त्या घाऊक चित्राला येतात. जाता जाता ताराबाई शिंद्यांची आठवण होते. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती कुणाकडून एक पैसा न मागता. त्या गद्यातला राग पातळ झालेला नाही. पातळ करण्याचे कारणच नव्हते.

आता दुसरे पुस्तक. रमाबाई १८८९ च्या सुरुवातीला परत आल्या, ११ मार्चला, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या तारखेला, मुंबईत शारदा सदन उघडले, आणि त्याच वर्षी निर्णयसागर छापखान्यातून मराठी पुस्तक काढले: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. आपल्याकडे ते प्रवासवर्णन म्हणून नोंदले गेले. मीरा कोसंबी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला तेव्हा पाश्चात्त्य नजरेला परत फिरवलेली नजर म्हणून त्याच्याकडे पाहिले. ते म्हणणे बरोबर आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. हे पुस्तक म्हणजे वर्गणीचा अहवाल आहे, पण उलट दिशेने लिहिलेला. ज्यांनी पैसे दिले ती माणसे कोण, कशी राहतात, काय खातात, राज्य कसे चालवतात, शाळा कशा काढतात, त्यांच्या बायका मंडळे कशी बांधतात, दारूबंदीसाठी कशा लढतात, हे सगळे रमाबाई घरच्या वाचकाला सांगतात. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय स्त्री परिषदेला त्या स्वतः हजर होत्या. तिची हकीकतही त्यात येते. स्तुती भरपूर आहे. पण नुसती स्तुती नाही. मूळच्या रहिवाशांना त्या देशाने कसे देशोधडीला लावले, काळ्या माणसांशी गोरी माणसे कशी वागतात, हेही आहे. बायकांच्या फॅशनवरही त्या कोरडे ओढतात.

हे केवढे धाडसाचे आहे पाहा. ज्यांच्या डॉलरवर शाळा चालायची त्यांचे दोष, शाळा उघडली त्याच वर्षी, स्वतःच्या भाषेत छापायचे. इंग्रजी पुस्तकात अमेरिकन बाई हिंदू बाईला पाहते. मराठी पुस्तकात मराठी बाई अमेरिकन बाईला पाहते. देणारी आणि घेणारी दोघीही एकदा पाहणाऱ्या आणि एकदा पाहिल्या गेलेल्या. मदतीच्या व्यवहारात एवढी बरोबरी मला नंतर कुठे आढळली नाही. हे मराठी पुस्तक शंभरेक वर्षे बाजारातून नाहीसे झाले होते. १९९६ मध्ये साहित्य संस्कृती मंडळाने ते पुन्हा छापले.

दोन वाचकांसाठी दोन पुस्तके लिहिली की दोन्ही वाचक कधीच भेटत नाहीत, असे मात्र नाही. ते भेटले आणि भांडले. शारदा सदनात धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ करणार नाही, असे रमाबाईंचे घरच्यांना आश्वासन होते. तिकडच्या काही देणाऱ्यांना नेमके हेच खुपत होते, की ख्रिस्ती पैशातून चाललेल्या शाळेत ख्रिस्ताचे नाव का नाही. इकडे 'केसरी' तुटून पडला होता की मुली ख्रिस्ती होत आहेत. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. त्या वादात कुणाचे किती बरोबर, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. इथे तिची भर घालायचे कारण नाही.

दुसरे भांडण कमी माहीत असलेले, पण आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचे. स्वामी विवेकानंद अमेरिकेत व्याख्याने देत होते. हिंदू विधवेच्या छळाची जी चित्रे तिकडे फिरत होती ती अतिरंजित आहेत, असे त्यांचे म्हणणे पडले. ब्रुकलिनच्या रमाबाई सर्कलमधल्या बायका खवळल्या आणि १८९५ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रांतून जुंपली. विवेकानंदांच्या बाजूचे लोक म्हणत होते की देशाची बदनामी करून वर्गणी गोळा केली जाते. सर्कलवाल्या म्हणत होत्या की अभिमानापायी दुःख झाकले जाते. गंमत अशी की विवेकानंदांनी त्याच ब्रुकलिनमध्ये एक व्याख्यान देऊन त्याचे उत्पन्न कोलकात्याजवळच्या बारानगरला शशिपद बॅनर्जी चालवत असलेल्या विधवांच्या शाळेला पाठवले. म्हणजे विधवांना मदत हवी, हे दोघांनाही मान्य होते. भांडण होते ते परक्यांपुढे घर कसे दाखवायचे याचे. स्मरणिकेतली ती दोन पाने इथे पहिल्यांदा एकमेकांसमोर उभी राहिलेली दिसतात: संस्कृतीचे पान व्यासपीठावर, मदतीचे पान प्रेक्षकांत.

माझा कल कुठे आहे ते सांगून टाकतो. त्या वादात दोन्ही बाजूंना विधवा स्वतः बोलायला हवी आहे असे वाटले नाही. तिच्याविषयी बोलणारे पुरेसे होते.

विधवा स्वतः मागायला गेली ती पंचवीसेक वर्षांनी. पार्वतीबाई आठवले या आनंदीबाई कर्व्यांच्या, म्हणजे बायांच्या, धाकट्या बहीण. विशीत विधवा झालेल्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडलेल्या. १९१८ मध्ये त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या आणि १९२० मध्ये परतल्या. इंग्रजी यथातथाच. तिकडे पोट भरायला त्यांनी लोकांच्या घरी घरकाम केले, भांडी घासली. १९२८ मध्ये 'माझी कहाणी' हे आत्मचरित्र निघाले. रमाबाईंसारखी विद्वत्ता त्यात नाही, विचारही बरेचसे जुन्या वळणाचे आहेत. बाईची जागा घरात, हे त्यांचे मत अमेरिका पाहूनही बदलले नाही. पण मागणारी, जिच्यासाठी मागायचे ती, आणि लिहिणारी, अशा तिन्ही बाया इथे एकच आहेत. त्यामुळे या पुस्तकात कीव कुठेही दाटून येत नाही. माणसाला स्वतःची कीव तितक्या सराईतपणे लिहिता येत नाही. परदेशी मराठी बायकांच्या समाजकार्याचा इतिहास कुणी लिहिलाच तर त्याचे पहिले प्रकरण रमाबाईंचे आणि दुसरे पार्वतीबाईंचे असायला हवे.

आता बीडकडे येतो. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा टोळ्या वाटेत तरी असतील किंवा फडात कोपी तरी बांधत असतील. मागे राहणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचे 'शांतिवन' आहे. पालीला एचआयव्हीग्रस्त मुलांसाठी दत्ता आणि संध्या बारगजे यांचे 'इन्फंट इंडिया' आहे. अंबाजोगाईला द्वारकादास आणि शैला लोहिया यांनी उभे केलेले 'मानवलोक' आणि बायकांसाठीचे 'मनस्विनी' हे त्याहून जुने काम. या कामांचे मोल मला शंकेपलीकडचे वाटते. मूल फडावर न जाता शाळेत राहते, याहून मोठी साहित्यिक कामगिरी नाही. मी बोलतो आहे ते अशा कामांसाठी निधी मागताना जे लिहिले जाते त्याविषयी, आणि ते बहुतेक वेळा संस्थेच्या माणसांनी लिहिलेले नसते; तिकडच्या मंडळात बसून कुणी सदिच्छेने लिहिलेले असते.

त्या गद्याचा साचा ठरलेला आहे. एका मुलाचे पहिले नाव. बापाची आत्महत्या किंवा आईची ऊसतोड. मग वसतिगृह. मग दहावीचे टक्के. मग मुलगा डॉक्टर किंवा इंजिनिअर. मग देणाऱ्याचे पूर्ण नाव, गावासह. ही गोष्ट खरी असते. तिच्यात जे नसते त्याची यादी मोठी आहे. मुकादम नसतो. उचल नसते, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी फिटेपर्यंत नवराबायको बांधलेले राहतात. टनाचा भाव नसतो. कारखाना तर नसतोच. आईबाप 'ऊसतोडीला जातात', पाऊस पडतो तसे. या वाक्यात नेणारा कुणी नाही. दुष्काळ हा एकटाच खलनायक, कारण दुष्काळ कोर्टात जात नाही आणि संस्थेच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणूनही येत नाही. मुकादम गावातलाच असतो, संस्थेला त्याच गावात राहायचे असते. तिथले मौन मी समजू शकतो. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्याला कसली भीती?

व्याकरणाने काय होते ते पाहायचे असेल तर २०१९ ची गोष्ट घ्या. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणी झाली ८२,३०९ बायकांची, आणि त्यातल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते. कारणे गावात सगळ्यांना पाठ आहेत. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई आजारी पडली तर खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत वाढतो. फडावर पाणी नाही, आडोसा नाही. अंगावरून जाणे, पोटात दुखणे हे पाळीचे त्रास घेऊन ती गावी परतल्यावर दवाखान्यात गेली की पिशवी काढण्याचा सल्ला तयार असतो.

आता आवाहनांतले वाक्य: 'या महिलांची गर्भाशये काढण्यात आली आहेत.' मराठीतला कर्मणी प्रयोग अशा वेळी फार उपयोगी पडतो. काढली कुणी? कुणाच्या सल्ल्याने, कोणत्या भीतीने, किती पैसे घेऊन? वाक्य सगळ्यांना सोडून देते. उरते ती बाई, आणि तिची ओळख एकच, की तिच्यात काय नाही. वर्तमानपत्रांनी तर गावांनाच तशी नावे पाडली. स्मरणिकेतल्या दुसऱ्या पानावर हे वाक्य आले की पहिल्या पानावरचे मातृत्वाचे गाणे कसे वाचायचे, हा प्रश्न संपादिकेला पडायला हवा होता. निदान दोन पाने जवळ तरी आली असती.

याच्या उलट बाजूलाही दोष आहे. महाराष्ट्र फाउंडेशनच्या समाजकार्य पुरस्कारांच्या निमित्ताने 'साधना'त कार्यकर्त्यांविषयी जे लिहून येते ते माझ्या मते या सगळ्या व्यवहारातले सर्वांत चांगले गद्य आहे. ते मराठीत आहे, कारणांपर्यंत जाते, कीव मागत नाही. पण त्याचा नायक कार्यकर्ता असतो. ज्यांच्यासाठी काम झाले ती माणसे त्याच्या चरित्राची पार्श्वभूमी होतात. टोरांटोहून निघालेल्या 'एकता'सारख्या नियतकालिकांनी परदेशी मराठी माणसाला स्वतःचे सुखदुःख लिहायला जागा दिली; तीही मोलाची. कार्यकर्त्याला पान मिळाले, देणाऱ्याला पान मिळाले. ऊसतोड बाईला फोटो मिळाला.

आणि तिला लिहिण्यासारखे, म्हणजे रचण्यासारखे, काही नाही असे समजू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात आमच्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या आहेत, १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या. दलित वस्तीतल्या या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या ऐकल्या की जाते म्हणजे नॉस्टॅल्जियाची वस्तू ही समजूत जागच्या जागी मोडते. या ओव्यांत राजकारण आहे, जातीचा हिशेब आहे, घरातल्या माणसासारखा बाबासाहेबांशी चाललेला संवाद आहे. मदतीच्या पानावर जिला 'लाभार्थी' म्हणतात, ती संस्कृतीच्या पानाची लेखिका आहे. या संग्रहाची एक साधी शिस्त मला फार महत्त्वाची वाटते. तिथे ओवीबरोबर गाणारीचे पूर्ण नाव आणि गाव नोंदलेले असते. वार्षिक अहवालात फोटोखाली नाव असते ते देणाऱ्याचे.

शब्दांचेही तेच. परदेशातल्या मराठी शाळेत मुलांना उखळ, मुसळ, रांजण, परात हे शब्द चित्रे दाखवून शिकवतात. चांगले आहे, मराठी जपली पाहिजे. पण कोयता, मोळी, उचल, खाडा, कोपी, वाढे, अर्धा कोयता हे शब्द काय मराठी नाहीत? रांजण घरातून कधीच गेला. उचल या हंगामातही दिली-घेतली गेली. वापरात नसलेला शब्द संस्कृती ठरतो आणि वापरातला शब्द समस्या ठरतो. जपण्याच्या नादात आपण बहुधा फक्त मेलेल्याच गोष्टी उचलतो, कारण त्या काही मागत नाहीत. 'अर्धा कोयता' हा शब्द एकट्या माणसाला लावतात. माणसाचे मोल हत्याराच्या अपूर्णांकात मांडणारा असा शब्द घडवायला भाषेला किती वर्षे राबावे लागले असेल! त्यावर परदेशातल्या एखाद्या मराठी शाळेत एक तास झाला तर मदतीचे वेगळे पान काढायची गरज कमी पडेल.

रमाबाईंचे दुसरे पुस्तक आज कुणी लिहायचे, हा प्रश्न उरतो. इकडच्या गावाला तिकडच्या देणारीविषयी काय माहीत आहे? काही नाही. ती 'अमेरिकेच्या ताई' असते, शाल-नारळ घेऊन जाते, मुले तिच्यापुढे स्वागतगीत म्हणतात. ती रुग्णालयात रात्रपाळी करते का, तिच्या घराचे हप्ते चालू आहेत का, तिच्या पोरांना तिची भाषा कळते का, ती पैसे का पाठवते, तिच्या देशात शेतावर राबणारे परमुलखातले मजूर कसे राहतात, हे आर्वीतल्या किंवा वडवणीतल्या बाईला कुणी सांगितलेले नाही. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत मेक्सिकोहून आलेली माणसे हंगामी काम करतात, त्यांच्यातही मुकादमासारखे मध्यस्थ असतात, हे कळले तर आमच्या टोळीतल्या बाईला बोलायला पुष्कळ असेल. बोलणे एका बाजूनेच का व्हावे? देणाऱ्या बाईनेही आपले गाव घेणाऱ्या बाईसाठी लिहावे, मराठीत, दोषांसकट.

त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. संस्थांचे अहवाल तिकडे पाठवण्यासाठी इंग्रजीत होतात. तेच मराठीत करून, देणारीचे एक पत्र त्यात घालून, गावात वाचता येतील. वाचून दाखवले की बायका दुरुस्त्या सांगतील. मुकादमाचे नाव घालू नका म्हणतील किंवा घाला म्हणतील. ते त्यांनी ठरवायचे. पहिल्या मसुद्यातला 'लाभार्थी' हा शब्द तरी त्या वाचनात टिकणार नाही. वेळही जुळतो. आर्थिक वर्ष संपल्यावर, एप्रिलमध्ये, अहवाल लिहायला घेतात. कारखान्यांचे पट्टे पडून टोळ्याही त्याच सुमारास परत येतात, आणि पावसाळ्यापर्यंत सगळ्या बायका गावात असतात.